उसनी माती

बाळांनो, मी सासरी शेतीत कधीच का लक्ष घातलं नाही, असं तुम्ही विचारलंत. घातलं होतं, सत्तरच्या दशकात, एकच हंगाम.

पवनीजवळच्या आमच्या शेतात वांग्याची रोपं दरवर्षी वाफ्यातच बुडाशी कुजून आडवी व्हायची. मी नागपूरला इंग्रजीतून वनस्पतिशास्त्र शिकले होते. मातीला वाफ दिली की कुजवणारी बुरशी मरते. पण वाफ बेतानंच द्यावी, म्हणजे त्या बुरशीला आवरणारे चांगले सूक्ष्मजीव वाचतात. मी हट्ट केला, तेव्हा सासऱ्यांनी एक वाफा माझ्या हवाली केला. धाकट्या दिरांच्या गिरणीत धान वाफवून उसना तांदूळ करत. तिथं सकाळी माती पाठवली आणि अर्ध्या तासात काढायला बजावलं.

माती आली ती संध्याकाळी. दीर हसत म्हणाले, "वयनी, धानासारखी पुरी उसनून देली. कच्ची कायले ठेवाची?"

सासरे थांबायला तयार नव्हते, म्हणून त्याच मातीत बी पेरलं. रोपं छान उगवली. मग तळ्याच्या पाण्यातून बुरशी आली. त्या मेलेल्या मातीत तिला अडवणारं काही उरलंच नव्हतं. अख्खा वाफा लोळला.

"माती उसनली नं, आता वाढ आमच्या ताटात," सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले, दीरसुद्धा. मी खरं सांगितलं, तर दिरावर ढकलते म्हणाले.

पुढच्या वर्षी वाफा जाऊबाईंकडे गेला. त्यांचीही रोपं कुजली. त्यांना कोणी काही बोललं नाही. त्या शिकलेल्या नव्हत्या.