दोन नंबर लहान जेट

सांगलीत एकनाथ हारगेला सगळे मिस्त्री म्हणायचे. मिशिगनमध्ये, नोव्हायला आल्यावर तो काका झाला. त्याच्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी लहान असलेले इंजिनिअरही त्याला काका म्हणत. त्या शब्दात आदर होता, पण काम नव्हतं.

मिरज रस्त्यावर त्याचं गॅरेज सोळा वर्षं चाललं. कुठलीही मोटारसायकल तो दुरुस्त करायचा, पण नाव झालं ते एकाच गाडीवर. राजदूत ३५०. आरडी ३५० ही यामाहाची मूळ गाडी जपानने बंद केली, त्यानंतर कितीतरी वर्षांनी तेच इंजिन आपल्याकडे बनायला लागलं. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. ज्यांच्या घरी ती आली त्यांची मुलं कॉलेजात राजे झाली आणि वडील पेट्रोलच्या नावाने कपाळाला हात लावून बसले. ती बिघडली की सांगलीत दुसरा कोणी हात लावत नसे. एकनाथ स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग सांगायचा, आत कुठे दुखतंय ते.

त्याच्या बायकोच्या, सुमित्राच्या भावाने अकरा वर्षांपूर्वी बहिणीसाठी भरलेला ग्रीन कार्डचा अर्ज २००१ मध्ये एकदाचा मंजूर झाला आणि नवरा-बायको अमेरिकेत आले. एकनाथ तेव्हा बावन्न वर्षांचा होता. परवान्याशिवाय आणि इंग्रजीशिवाय त्याला कुठल्या गॅरेजने उभं केलं नाही. राजीवभाईंच्या किराणा दुकानात तो तांदळाच्या गोण्या उतरवू लागला, भेंडीतली कुजकी भेंडी वेगळी काढू लागला. रस्त्यावरून गाड्या बंद कपाटांसारख्या जात. आवाजच नाही. कानाला काही काम उरलं नाही. असं बहिरेपण डॉक्टरला दाखवता येत नाही.

२००५च्या हिवाळ्याच्या तोंडावर शैलेंद्र दुकानात आला. तो मूळचा सांगलीच्या विश्रामबागेतला. त्याच्या थोरल्या भावाची राजदूत एकनाथनेच सांभाळली होती. इथे तो मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनला होता.

"मिस्त्री, एक पेशंट आणलाय."

सगळ्या नोव्हायमध्ये त्याला मिस्त्री म्हणणारा तो एकटाच.

"कुठला?"

"तीनशेपन्नास. ओरिजिनल यार, जपानची. त्र्याहत्तरची. एका शेतकऱ्याच्या कोठारात सापडली."

"इंजिन फिरतंय?"

"नाही ना. टोटल जाम."

"मग बरं. फिरत असतं तर कुणीतरी आधीच हात घालून वाट लावली असती."

त्या हिवाळ्यात दर शनिवारी-रविवारी तो शैलेंद्रच्या गॅरेजमध्ये जाऊ लागला. बाहेर बर्फ साचत होता. आत हीटरपाशी गाडीची हाडं एकेक करून वर्तमानपत्रावर मांडली जात होती. पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक बघून तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला. "आपल्याकडं हा नव्हताच की," तो म्हणाला. "आपल्याला दिली ती ताकद तेवढी दिली. थांबायचं ज्यानं त्यानं बघायचं." शैलेंद्र हसला. एकनाथ हसला नाही. ज्या गाडीवर त्याने सोळा वर्षं घालवली, तिची आई त्याला आता भेटत होती, आणि ती त्याला वाटली होती तशी नव्हती.

घरी सुमित्रा कुरकुर करायची. "चार वर्षांनी नखं साफ झाली होती. परत तेच काळं." पण जुना टॉवेल मात्र न मागता काढून ठेवायची.

गॅस्केट मिळेनात, म्हणून फेब्रुवारीत ते दोघे शेजारच्या विक्सम गावी डेलच्या दुकानात गेले. डेल साठीचा, रुंद खांद्यांचा गोरा माणूस. फक्त जुन्या जपानी मोटारसायकली दुरुस्त करायचा. पूर्वी तो एका मोटार कारखान्यात कामाला होता. सैन्यातून परत आल्यावर, त्र्याहत्तरमध्ये, त्याने हीच गाडी नवी कोरी घेतली होती. इंग्रजी गाड्या तेल गाळायच्या, अमेरिकन गाडी परवडत नव्हती, आणि ही एका किकमध्ये सुरू व्हायची. कारखान्यात, जपानी म्हणून, तिला आवारात लावायला मनाई होती. कुंपणाबाहेर, चिखलात लावायची. एकदा संध्याकाळी बाहेर आला तर सीट चाकूने उभी फाडलेली. पुढे कारखान्याने त्यालाही काढलं आणि फाडणाऱ्यांनाही. "आता त्यांचीच मुलं माझ्याकडे जपानी गाड्या घेऊन येतात," तो म्हणाला. शैलेंद्रने मराठीत सांगितलं तेव्हा एकनाथ म्हणाला, "त्याला विचार, सीट त्यानं शिवली का बदलली?"

डेलने उत्तर दिलं, "शिवली." दोघांचं तिथून जमलं.

महिन्याभराने डेल स्वतः शैलेंद्रच्या गॅरेजमध्ये आला. एकनाथ क्रँकचं बेअरिंग स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून ऐकत होता. डेल दारात उभा राहून बघत राहिला. जाताना शैलेंद्रला म्हणाला, "माझ्याकडे दोन टेबलं आहेत. दुसऱ्यावर काम करणारा म्हातारा गेल्या वर्षी घरी बसला. मे महिन्यात ही गाडी घेऊन या. मी स्वतः चालवून बघेन. हा माणूस दिसतो तसा असेल, तर ते टेबल त्याचं."

एकनाथने ते टेबल पाहिलं होतं. वर दिवा, बाजूला शिकंजा, मागे भिंतीवर, कुठला पाना कुठे टांगायचा ते कळावं म्हणून, पान्यांच्या काळ्या सावल्या रंगवलेल्या. त्या रात्री त्याने सुमित्राला एवढंच सांगितलं, "एक काम होईल असं दिसतंय."

एप्रिलमध्ये कार्बोरेटर जोडले. कार्बोरेटरात जेट असतो. पितळेचा, बोटाच्या पेराहून लहान, मधोमध भोक. त्या भोकातून किती पेट्रोल आत जाईल ते ठरतं. सांगलीत गाडी न्यायला आलेला प्रत्येक माणूस पैसे काढण्याआधी एकच विचारायचा, "मिस्त्री, ॲव्हरेज किती देईल?" म्हणून एकनाथ कुणी न सांगता दोन नंबर लहान जेट टाकायचा. पेट्रोल कमी, हवा जास्त. इंजिन त्याने तापतं, पण सांगली-मिरज रस्त्यावर तापायला सवड कुठे होती? दर पाच मिनिटांनी म्हैस, ट्रॅक्टर, नाहीतर रेल्वेचं फाटक. थांबलं की निवायचं. सोळा वर्षं लोक खूश होते. तसले जेट त्याने एका डबीत अमेरिकेला आणले होते. शैलेंद्र चहा आणायला आत गेला तेव्हा त्याच्या हातांनी डबी उघडली आणि दोन जेट बसवले. त्यात विचार करण्यासारखं काही होतं असं त्याला वाटलंच नाही.

मे महिन्यातल्या एका शनिवारी, आपल्या दुकानासमोर, डेलने किक मारली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. एकनाथचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा होता असं शैलेंद्र पुढे सांगायचा, आणि ते सांगताना मान खाली घालायचा.

डेल साउथ लायन गावाच्या दिशेने गेला. तिकडचे रस्ते सरळ आहेत, म्हशी नाहीत, फाटक नाही. आवाज चढत गेला, पातळ झाला, शेतांपलीकडे एक तार ताणल्यासारखा राहिला. मग तुटला.

एकनाथ म्हणाला, "चल. बंद पडली."

"अहो, लांब गेला असेल."

"चल म्हणतो ना."

दोन मैलांवर डेल रस्त्याच्या कडेला बसला होता. कोपर सोललेलं होतं. मागे डांबरावर तीस हात लांब काळा पट्टा. पळत्या गाडीचा पिस्टन सिलिंडरला चिकटला होता आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं होतं. डेलने वेळेत क्लच दाबला म्हणून तो बसलेला होता, आडवा नव्हता.

त्याने डावा स्पार्क प्लग काढून हातात धरला होता. खडूसारखा पांढरा. इंजिनला पेट्रोल कमी पडलं की प्लग असा पांढरा होतो. "क्रँकचं जुनं सील," तो म्हणाला. "बाहेरची हवा ओढतंय. तेहतीस वर्षांची गाडी आहे, व्हायचंच. यात त्याचा काही दोष नाही. गाडी मी दुकानात नेतो, सोमवारी तो येऊन स्वतःच उघडेल, स्वतःच्या टेबलावर."

शैलेंद्र आनंदाने ओरडला, "मिस्त्री! सोमवारपासून या म्हणतोय!"

एकनाथ खाली वाकला होता. त्याने उजवा प्लग काढला. तोही पांढरा. एका बाजूचं सील गेलं तर एकच प्लग पांढरा होतो. दोन्ही झाले तर कारण एकच. समोर नुकतीच नांगरलेली शेतं होती, उघडी, काहीच न उगवलेली.

"सील नाही म्हणून सांग त्याला," तो म्हणाला. "जेट लहान आहेत. मी टाकलेत."

शैलेंद्रचं हसू गेलं. "काय?"

"ॲव्हरेजसाठी. सवयीनं. सांग."

शैलेंद्र डेलकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "त्यालाही सीलच वाटतंय."

पाच वर्षांत एकनाथला इंग्रजी बोलता आलं नव्हतं, पण एवढं कळत होतं. त्याने खिशातून पाना काढला, दोन्ही कार्बोरेटरांच्या तळाचे बोल्ट फिरवले. पेट्रोल मनगटावरून बाहीत उतरलं. दोन पितळी तुकडे त्याने डेलच्या तळहातावर ठेवले.

डेलने चष्मा लावला. नंबर वाचले. मग शैलेंद्रकडे बघून विचारलं, "का?"

आता शैलेंद्रला सांगावंच लागलं. डबी, सांगली, पेट्रोल, सगळं. डेल ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "माहीत नसलेल्याला मी शिकवू शकतो. याला सगळं माहीत आहे, मानलं पाहिजे त्याला. पण त्याचे हात त्याला न विचारता काम करतात. दुसऱ्यांची मुलं या गाड्यांवर बसतात." मग त्याने एकनाथचा पेट्रोलने ओला हात हातात घेतला, दाबला आणि बंद गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकवाल्याला फोन करायला बाजूला गेला.

परतताना शैलेंद्र भडकलेला होता. "मी सांभाळून घेतलं होतं ना! सोमवारी गुपचूप बदलले असते जेट. कुणाला कळलं असतं?"

"सोमवारपर्यंत त्यानं नवीन सील टाकून परत पळवली असती तर?"

"तो कशाला..."

"त्यानं तरुणपणी घेतलेली तीच गाडी ही, त्र्याहत्तरची. रविवारभर दम धरला नसता त्यानं." एकनाथ खिडकीबाहेर बघत होता. "दर वेळेला क्लच सापडतोच असं नाही."

जूनमध्ये गाडी शैलेंद्रने डेललाच विकली.

घरी सुमित्राने भाकऱ्या केल्या होत्या. गॅरेजचं काम मिळणार हे तिने एव्हाना मराठी मंडळातल्या शरयूला सांगितलं होतं, शरयूने सगळ्यांना. एकनाथने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तिने ऐकलं.

"त्यानं विचारलं नव्हतं तरी सांगितलंत?"

"हो."

"बरं केलंत," ती म्हणाली. तिने करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली. मग थोड्या वेळाने, त्याच्याकडे न बघता, "पण मी लोकांना काय सांगू?"

"सांग, जमलं नाही म्हणून."

सोमवारी तो दुकानात गेला. त्याच्या जागी कुणाला घ्यायचं हे राजीवभाईंनी ठरवूनही टाकलं होतं. भाजीच्या कामावर नवा माणूस उभा होता. एकनाथला मागच्या थंड खोलीत गोण्यांचं काम मिळालं. पुढे दोन-तीन आठवडे मंडळातली माणसं सुमित्राला विचारत राहिली, "काकू, काकांचं ते गॅरेजचं काय झालं?" सुमित्रा तेवढंच सांगायची, जमलं नाही. साठीकडे झुकलेला माणूस, इंग्रजी येत नाही, एवढ्या मोठ्या देशात त्याला कसं जमणार? लोकांना ते ऐकताक्षणी पटायचं. दुसरं कारण कुणी विचारलं नाही.