रान नीट दिसलं पाहिजे

आमच्या गावच्या माळावरचं गवत मी झोपेत असताना नाहीसं झालं. मी तिथं गवत राखायला बसले होते.

पोखर्णीच्या रस्त्याला आमचं गाव. गावामागचा गायरानाचा माळ जनावरांनी चरून चरून इतका तुळतुळीत केला होता, की मुंगीलाही आडोसा उरला नव्हता. मग ग्रामसभेत ठरलं : माळाला काट्यांचं कुंपण घालायचं, चराई बंद, कुऱ्हाड बंद, आणि राखणीला रोज एका घरचं माणूस. गवत आलं की किडे येतील, किड्यांमागं पाखरं येतील, आणि एक दिवस पूर्वीसारखे हरणांचे कळपही येतील. (हे भाषण माझंच. बोलता बोलता मला हरणं दिसायलाही लागली होती.) दुसऱ्या श्रावणात गवत कमरेला लागलं. वारा आला की सगळा माळ हळूच कूस बदलायचा, आणि मी घरातली कामं टाकून बघत उभी राहायचे.

पण शेरडं-गुरं असणाऱ्यांचा धीर सुटत चालला होता. सरपंच बळीरामबापू एक दिवस घरी येऊन म्हणाले, "ताई, लोकं कुरकुर करायलेत. पंधरा दिसानं माळावरच सभा घेऊ. एखादं पाखरू-बिखरू ऱ्हायला आलेलं दिसलं तर कुंपण ऱ्हाईल. न्हाई तर काढावं लागंल."

त्या दिवशी माझी एकही भाकरी गोल झाली नाही. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, विचारलं, "काय झालं गं?"

"आत्याबाई, सगळं गाव माळावर येणार आहे. रान नीट दिसलं पाहिजे हो. नाही तर माझी लाज जाईल."

"हात्तिच्या. माज्यावर सोड," त्या म्हणाल्या.

मी सोडलं. आता मी परभणी शहरात, पाखरांची पुस्तकं वाचत वाढलेली. मी रान म्हणाले ते गवत, झुडपं, पाखरं असं सगळं मनात धरून. आत्याबाईंचं रान म्हणजे शेत. आणि नीट रान म्हणजे ज्यात तणाची काडी दिसत नाही ते. ही बाई लग्नाला निघाली तरी वाटेतल्या दुसऱ्याच्या कापसात वाकून दोन तणं उपटून जाते. नऊ वर्षं संसार केल्यावर एवढं मला सुचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी राखणीचा वार आमच्या घराचा होता. दुपारी मी बोरीखाली बसले. ढगांच्या सावल्या गवतावरून निवांत चालल्या होत्या, कुठं तरी तितर बोलत होतं. तितराला खालून आभाळ कसं दिसत असेल, हे पाहावं म्हणून मी जरा आडवी झाले. (निव्वळ अभ्यास म्हणून!) आणि खरोखर हरणं आली. काळवीट, माद्या, पाडसं. माझ्याभोवती खस्स खस्स चरू लागली. एक मादी अगदी जवळ आली, मोठाल्या डोळ्यांनी माझ्याकडं पाहत राहिली आणि मायेनं म्हणाली, "ऊठ माय, च्या पी."

मी डोळे उघडले. आत्याबाई चहाची बशी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यामागं अकरा बायका ओळीनं बसून, हातात खुरपी घेऊन सरकत होत्या. खस्स, खस्स. माळाचा मधला सगळा भाग हरभऱ्याच्या खळ्यासारखा स्वच्छ झाला होता.

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"रान नीट केलं. लय तण माजलं होतं बघ. तू निजली होतीस, म्हणून आवाज न्हाई केला."

"अहो, ते तण म्हणजेच रान होतं!"

"तण रान कस्काय आसंल?"

ओळीतली एक बाई हळूच म्हणाली, "ऊन लागलं का काय हिला?"

मी सगळं समजावून सांगितलं. गवत, किडे, पाखरं, सभा. आत्याबाईंचा चेहरा उतरला. त्या उपटलेल्या गवताच्या ढिगावरच बसल्या. "म्या तर तुजी लाज राखायला आल्ते," त्या म्हणाल्या. या बायकांना त्यांनी घरोघर जाऊन, हातापाया पडून आणलं होतं. माझा राग कुठल्या कुठं गेला. मला रडू आलं, आणि त्या रडण्यात गवतापेक्षा आत्याबाईच जास्त होत्या. मग आम्ही दोघींनी दिवस मावळेपर्यंत उपटलेलं गवत पुन्हा मातीत खोचलं. ते दोन दिवसांत वाळून गेलं.

सभेच्या दिवशी अख्खं गाव माळावर आलं. बापू कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "ताई, ह्या टकलाचं काय म्हनायचं?"

मी खरं काय ते सांगायला पुढं झाले. मोकळ्या जागेत दोन पावलं टाकली, तोच एक पाखरू किंचाळत आमच्या डोक्यांवर झेपावलं. बापू खाली वाकले, त्यांची टोपी पडली. पण टोपी उचलायच्या ऐवजी ते तसेच खडे न्याहाळत राहिले.

"पाय उचलू नका कुनी. टिटवी हाय."

खड्यांमध्ये खड्यांसारखीच चार अंडी होती.

"दाट गवतात ही अंडी घालीत न्हाई," बापू म्हणाले. "हिला चौफेर दिसाया पाहिजे. ताई, मधलं एवढं तुमी इचार करूनच काढलं व्हय?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी आत्याबाई बोलल्या. "सुनंनं सांगितलं तसंच केलं आमी."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. हात वर झाले, कुंपण राहिलं, पिल्लं निघेपर्यंत त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही असंही ठरलं. त्या दिवशी घरी जाताना मी आत्याबाईंचा हात सोडला नाही.

घोटाळा पुढं झाला. ही बातमी वालूरला पोचली. तिथले लोकही त्यांचा माळ राखायला निघालेत, आणि माझी 'पद्धत' समजून घ्यायला त्यांनी मला भाषणाला बोलावलंय. तीनदा फोन आला, तिन्ही वेळा मी ताप आल्याचं सांगितलं. पद्धत तशी सोपी आहे : सासूशी मोघम बोलायचं आणि राखणीला जाऊन गाढ झोपायचं. पण हे माइकवरून कसं सांगणार?