चौदा पायऱ्या

दिनांक २४ डिसेंबर १९२९. ठिकाण रेवदंडा, आमचे राहते घर. नाताळाच्या सजावटीसाठी बाजूला काढलेली रक्कम दोन रुपये. हजर माणसे तीन: मी, माझी विधवा थोरली बहीण, आणि माडीवर माझी पत्नी. पत्नी चार महिन्यांत एकदाही जिना उतरली नव्हती.

आमची एकुलती एक मुलगी रूथ ऑगस्टात तापाने गेली. वय साडेतीन वर्षे. आजार पाच दिवसांचा. या जिन्याच्या चौदा पायऱ्या तिला हातांवर घेऊन मीच उतरलो होतो. ओझे मुळीच नव्हते, तरी प्रत्येक पायरी मोजली. मिठागराच्या कचेरीत आकड्यांत आयुष्य गेल्यामुळे मला दुसरे काही सुचत नाही. तेव्हापासून पत्नीने माडीचे दार लोटून घेतले होते. दिलेले दोन घास खाई, विचारलेल्याला मान हलवी, पण रडली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, "त्या रडल्या नाहीत तर फार दिवस काढणार नाहीत." मी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करीत होतो, पण खरे सांगायचे तर ती केवळ सवय उरली होती. ऐकणारा कुणी आहे असे मला वाटत नव्हते.

दरवर्षी नाताळाच्या आदल्या संध्याकाळी चर्चची मंडळी गाणी म्हणत घरोघरी येतात. आमच्याकडे माडीवर बसायची जागा असल्याने जिना सजवायचा प्रघात पडला होता. मी यंदा नको म्हणत होतो. बहीण ऐकेना. "दुःख आपल्याला झालंय, जन्म प्रभूचा आहे," ती म्हणाली. "त्याचा दिवस आपण कसा अडवायचा?" मी कबूल झालो. मन त्यात नव्हते.

दुपारी फुले विकत एक बाई दारावरून गेली. पाटीत झेंडू आणि आंब्याचे टहाळे होते. पालीकडच्या खेड्यातून आले म्हणाली. गावात नवखी होती. बहिणीने तिला बोलावले आणि माळा ओवून कठड्याला बांधून द्यायचे ठरवले. सगळे मिळून सहा आणे. कागदी साखळ्या चिकटवायला तांदळाच्या पिठाची खळ केली होती, ती वाडग्यात पहिल्या पायरीशी ठेवलेली होती. मी वाडीत पोफळीची झावळी आणायला गेलो.

मागे काय बोलणे झाले ते बहिणीने नंतर सांगितले. बाईने विचारले, "येवडा जिना सजवताव, कोन येनार हाय घरान?"

बहीण घाईत होती. "आमचा बाळ येतोय उद्या," एवढेच म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

झावळी घेऊन मी आत आलो आणि उंबऱ्यातच थांबलो. हिंदू शेजाऱ्यांकडे गौरी घरात येते तेव्हा पिठात मूठ बुडवून पावले उमटवतात. मुठीच्या कडेने तळवा, बोटाच्या टोकाने पाच बोटे. ती पावले नेमकी लहान मुलाएवढी होतात. तशी पावले आमच्या जिन्यावर, पायरीला एक, डावे-उजवे करीत वर चालली होती. बाई अकराव्या पायरीवर ओणवी होती.

"हे काय चालवलंस?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"बालाला वाट नको, दादा? येवडासा जीव, अंधारान चुकंल न."

तिला काहीच ठाऊक नव्हते. मी मोरीतले ओले फडके आणले आणि खालून पुसायला लागलो. तेवढ्यात बाईने चौदावी पायरी पुरी केली. मी दुसरी पायरी पुसत असताना माडीचे दार उघडले.

पत्नी उभी होती. ती त्या पावलांकडे किती वेळ पाहत होती ते मी मोजले नाही. मग म्हणाली, "कुणाची ही?"

"बालाची, बाय," बाई सहज म्हणाली. "तुमच्याकरं येतंय न?"

आता ही कोसळणार असे वाटले. पण पत्नीने कठडा धरला आणि ती उतरू लागली. एकाही पावलावर पाय न पडू देता, कडेकडेने. तिसऱ्या पायरीवर येऊन खाली पाहिले.

"अहो, या दोन पायऱ्या का पुसल्यात? मग तो वर चढणार कसा?"

ती तिथेच बसली. बाईने मागोमाग खाली आणलेल्या वाडग्यात तिने घट्ट आवळलेली मूठ बुडवली. बाई शेजारी टेकली. "मूठ ढिली धर, बाय. घट धरलीस तं पाऊल उठाचा न्हाय." पत्नीने दोन्ही पावले उमटवली, आणि पिठाचा हात तोंडावर घेऊन मोठ्याने रडू लागली. बाईने तिचे डोके मांडीवर घेतले.

संध्याकाळी मंडळी आली. एक वडीलधारे गृहस्थ जिन्याशी अडखळले. "ही गौरीची थेरं इथं कशाला?" बहीण म्हणाली, "गोठ्यात निजला त्याला पिठाचं वावडं नसतं, काका. कडेनं चढा." सगळे कडेने चढले. पत्नी गाण्यांत बसली, गायली नाही.

आम्हाला पुन्हा मूल झाले नाही. माडी आजही रिकामी वाटते, आणि नाताळ जवळ आला की मला दडपण येते. ती बाई पुढे बाजारात दिसली नाही. ती कोण होती याविषयी माझा काही दावा नाही. फुले विकणारी बाई होती. एवढेच कळले की चार महिने मी त्या पायऱ्या वरून खाली मोजत होतो, आणि खालून वर कुणी येत असेल हे माझ्या मनातही आले नव्हते. ज्याचे येणे आपल्या हातात नाही त्याची वाट निदान पुसू नये. आणि मूठ सैल धरावी.

त्या दिवशी बाई निघाली तेव्हा मी तिला फुलांचे सहा आणे दिले आणि पावलांचे म्हणून दोन आणे वर ठेवले. तिने ते परत माझ्या हातावर ठेवले. "पावलांचा कोन पैसा घेतं का, दादा?" उरलेला एक रुपया दहा आणे दुसऱ्या दिवशी उपासनेच्या वेळी दानाच्या थैलीत टाकला. पावलांचे आजवर कुणालाच काही दिलेले नाही.