मधल्या अक्षरांची मावशी

‘स्पीडोमीटर’मधला ‘ओ’ कोणाचा, सांगा पाहू? स्पीडचा? मीटरचा? नाही ना ठरत!

दुकानांच्या पाट्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं हे असंच अडलेलं होतं. तिथली रीत अशी, की इंग्रजी जोडशब्द कापायला दोन कारागिरांत वाटायचा. डावा शब्द अण्णांचा, उजवा दादांचा. दुसऱ्याच्या शब्दाला हात लावणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं. मधलं अक्षर मग बेवारशी. ते तिथल्याच कामकरी मावशीच्या वाट्याला आलं. ती पत्र्यातून फक्त मधलीच अक्षरं कापायची. वाचनालयात बसून त्यांचं कूळही तिनं एकटीनं शोधलं होतं. ‘ओ’ मूळचा ग्रीकांकडचा, ‘थर्मोमीटर’सारख्या शब्दांबरोबर आलेला, पुढं बोलावणं नसताना स्पीडलाही चिकटला. ‘हँडिक्राफ्ट’मधला ‘आय’ तर ‘हँडिवर्क’चं बघून घुसला, आणि तिथं तो म्हणजे जुन्या इंग्रजीतल्या एका उपसर्गाची उरलेली शेपटी. मावशीची शाळा चौथीतच सुटली होती, पण या विषयात तिच्यापुढं तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती.

नवा मॅनेजर हजेरीपट बघून हसला. “एका ‘ओ’साठी अख्खी बाई? मावशी, उद्यापासून घरी बसा.”

“बसते की. ‘ओ’ कोण कापणार? तुमचे तीर्थरूप?”

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला पाटी न्यायला आला. स्पीड तयार, मीटर तयार, मध्ये भगदाड.

“दादा, कापा ना,” मॅनेजर म्हणाला.

“माझा शब्द ‘एम’पासून सुरू होतो, साहेब.”

“अण्णा?”

“माझा ‘डी’ला संपला. पुढं मी जात नाही.”

गॅरेजवाला चार दिवस स्टुलावर बसून. त्याचा डबाही तिथंच यायला लागला. पाचव्या दिवशी मॅनेजरनंच कात्री घेतली. ‘ओ’ची कड फाटली, पोटातली चकती तेवढी शाबूत राहिली. त्यानं तीच पाटीवर ‘ओ’च्या जागी ठोकली.

“साहेब, हे बटण कशाचं?” गॅरेजवाल्यानं विचारलं.

संध्याकाळी मॅनेजर मावशीच्या दारात. “या ना उद्या.”

“हजेरीपटावर माझ्या नावापुढं काय लिहिलंय? ‘इतर’! चौतीस वर्षं मी ‘इतर’? ‘जोडअक्षर कारागीर’ लिहा, मग येते.”

“ते पद वरून मंजूर व्हावं लागतं हो.”

“मग करून आणा. तोवर त्या गॅरेजवाल्याला चहा पाजा.”

अर्ज गेला. वरचे म्हणतात, असं पद लोकांना हवंय याच्या शंभर सह्या आणा. अण्णांची झाली, दादांची झाली, गॅरेजवाल्यानं तर दोनदा ठोकली. कागद कारखान्याच्या दाराला लावलाय, पेन सुतळीनं बांधलंय. जाता-येता थांबा आणि सही करा.