गफूरमामांच्या गायीचा सेहरा

एखाद्या माणसावर लिहावं इतकं मला लिहिता येत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण गफूरमामांबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून धीर करतो.

मामा आमचे शेजारी. सिद्धेश्वर धरणाच्या काठाला गावची गुरं चारायचे. कोणाच्याही घरी गेले की आधी गोठ्यात शिरून जनावराच्या डोळ्यांत बघायचे, मग माणसांना सलाम. "माणूस आपली तकलीफ सांगते. हिनं कोणाला सांगावं?"

आणि त्यांच्याच गायीचा, चांदीचा, उजवा डोळा गळायला लागला. कुसळ गेलं असेल म्हणून मामांनी जुन्या रीतीनं तंबाखू चघळून डोळ्यात पिचकारी मारली. डोळा पांढरा पडत गेला. शेवटी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आल्या. म्हणाल्या, "मामा, डोळ्यात जंत आहेत."

"जंत पोटात असतेत, बाई. डोळ्यात काय खातेत?"

"डोळ्याचं पाणी प्यायला माशा बसतात ना, त्याच हे जंत सोडून जातात."

बाईंनी डोळा बधिर करून धुतला. ताटलीत पांढऱ्या दोऱ्यासारखे जंत वळवळले. मामा ताटलीवर वाकले. "हे इथं नांदून राहिले, अन् मी वरून तंबाखू मारून राहिलो! बाई, नजर येईल का?"

"सांगता येत नाही. माशा तेवढ्या बसू देऊ नका."

मामांनी सुतळीची झालर करून चांदीच्या कपाळावर बांधली. मग साऱ्या कळपालाच बांधली. पारावरची पोरं हसायची, "मामा, गायीला सेहरा? लगीन जमलं काय?"

"व्हय, जमलं. फक्त माशांना दावत न्हाई."

रोज सांजेला ते चांदीच्या उजव्या डोळ्यापुढे हळूच तळहात न्यायचे. पापणी हलायची नाही. "अजून न्हाई," म्हणत ते डावीकडून येऊन तिचं कपाळ खाजवायचे, तिला आपण दिसावं म्हणून.

मी हिंगोलीला निघालो तेव्हा म्हणाले, "कालेजवाल्या, तिला दिसलं की फोन करतो बघ." पुढे मीच फोन करायचो. उत्तर तेच, "अजून न्हाई."

परवा आईचा फोन आला. मामा गेले, झोपेतच. ती म्हणाली, "चांदीला आपल्याच गोठ्यात बांधलंय. आज सांजेला मी हात नेला, मामा न्यायचे तसा." मग म्हणाली, "लेकरा, तिनं पापणी मिटली रे."