मातीचं दार

मुलुंडला आमच्या समोरच्या खोलीतले गृहस्थ निवृत्त झाल्यावर मातीच्या बाहुल्यांचा सिनेमा करायला लागले. बाहुली केसभर हलवायची, कॅमेऱ्याची कळ दाबायची, पुन्हा केसभर हलवायची. शिकवणारं कुणी नव्हतं. आधी त्यांनी गणपतीची शाडू घेतली. ती वाळली आणि बाहुलीचा हात कोपरात तुटला. मग शाडूच्या भुकटीत खोबरेल मळलं, तेव्हा कुठे हात वाकायला लागला. वाऱ्याने कागदाचा पडदा हलू नये म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद, दार बंद. बेल वाजवली की आतून ओरडायचे, "वहिनी, आत्ता नको! वारा येईल!"

"उकडून मराल की हो!" मी बाहेरूनच म्हणायची.

दिवाळीत त्यांनी स्वतःहून बोलावलं आणि भिंतीवर सिनेमा दाखवला. मातीचं दार उघडतं, एक बाई वाटी घेऊन आत येते. संपला.

"एवढाच?"

"एवढाच. पुन्हा लावू?"

त्यांनी पुन्हा पुन्हा लावला. दर वेळी मातीचं दार उघडलं की ते खुर्चीत सावरून बसत.

दुसऱ्या दिवशी मी वाटी घेऊन त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. माझ्या घरात दह्याचं पातेलं भरलेलं होतं.