वारज्यातला कॉम्प्युटर

गेमिंगसाठी कॉम्प्युटर तयार घ्यावा की सुटे भाग आणून स्वतः जोडावा, यावरून मी महिनाभर घरच्यांचं डोकं खात होतो. शेवटी आई वैतागली. "वारज्यात एक काकू मुलाचा कॉम्प्युटर विकतायत. तो बघून ये आणि आम्हाला मोकळं कर."

मुलगा वर्षापूर्वी अपघातात गेला होता. मी पोचलो तेव्हा काकू देवापाशी दिवा लावत होत्या. मग त्यांनी मुलाच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर चालू केला.

"रोज दिवेलागणीला लावते. त्याची खोली अंधारात नको," त्या म्हणाल्या.

पडद्यावर त्याचा मित्रांसोबत खेळायचा ऑनलाइन गेम त्याच्याच नावाने आपोआप उघडला. मशीन झकास होतं, खोट काढायला जागा नव्हती. आवाज तपासायला मी हेडफोन लावला.

कानात कुणीतरी तरुण मुलगा हळूच बोलला, "आलास? वर्षभर रोज याच वेळी येतोस आणि गप्प बसतोस. आज तरी बोल ना रे."

मी हेडफोन काढून ठेवला.

"आवाज येतो ना नीट?" काकूंनी विचारलं.

"येतो," मी म्हणालो.

कॉम्प्युटर मी शेवटी स्वतःच जोडला. हेडफोन मात्र अजून घेतलेला नाही.